पंधरापैकी पाच

माझ्या फोनवर आवाजाच्या पंधरा पायऱ्या आहेत. तीन वर्षांपूर्वीपर्यंत सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये मी तेराव्या पायरीवर गाणं ऐकायचे. आता पाचव्या पायरीवर ऐकते आणि तेव्हापेक्षा जास्त ऐकू येतं. या आठ पायऱ्या उतरायला मला दीड वर्ष आणि चार इयरफोन लागले. डब्यातल्या दोघीतिघींनी आणि ऑफिसातल्या एकीने "कोणता घेऊ गं?" म्हणून विचारलं, प्रत्येकीला सांगितलं ते तुकड्यातुकड्याने. म्हणून आता एकदाच सगळं सलग लिहून ठेवते.

सुरुवात मात्र बाबांपासून करावी लागेल.

बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यामुळे मला गिरणी आठवते ती फक्त आवाजाने. आईबरोबर एकदा गेटापर्यंत गेले होते, तिथे आतल्या साच्यांचा खडखडाट पायांतून वर चढत होता. आत माणसं बोलायचीच नाहीत, बाबा सांगतात. हाताच्या खुणा आणि ओठांची हालचाल, एवढ्यावर पाळी निघायची. चौदा वर्षं ते त्या आवाजात रोज आठ तास उभे होते. कानात काही घालायचा कुणाला विचारही नव्हता. फार तर हाताशी असलेल्या सुताचा बोळा. त्याने आवाज काही अडत नाही.

आणि याच माणसामुळे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत गाणं आलं. चाळीच्या भजनात बाबा पेटीवर असायचे. रात्री रेडिओवर शास्त्रीय संगीताची सभा लागली की आई भांडी न वाजवता घासायची. तंबोरा जुळलेला कसा ओळखायचा हे मला बाबांनी पाचवी-सहावीत शिकवलं. तार नुसती वाजत नाही, ती बोलते, म्हणायचे. तारेखाली घोडीवर सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, ती नेमकी बसली की एका सा मधून वरचे कितीतरी सूर झिरपायला लागतात. त्याला ते "तंबोरा बोलतो" म्हणत.

तीन वर्षांपूर्वी बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ऑडिओग्रामचा, म्हणजे कोणता सूर किती ऐकू येतो त्याच्या आलेखाचा, कागद समोर ठेवला. खालच्या सुरांपाशी रेघ बऱ्यापैकी वर होती. ४००० हर्ट्झच्या आसपास ती दरीत कोसळली होती. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या कानाची ही ओळखीची खूण आहे, पुढे वयाने त्यात भर घातली. कानाच्या आत केसांसारखे तंतू असलेल्या बारीक पेशी असतात, त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. स, श, फ यांसारख्या अक्षरांची धार या वरच्या भागात असते. म्हणून मी "सात वाजले" म्हटलं की बाबांना "आत" ऐकू येतं आणि ते दाराकडे बघतात. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की त्यांचं लक्ष नसतं.

दवाखान्यातून बाहेर पडले, गाडी पकडली, सवयीने इयरफोन कानात घातले आणि आवाज तेरावर नेला. मग तो कागद डोळ्यांसमोर आला आणि मी इयरफोन काढून पर्समध्ये टाकले. कुर्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत काही ऐकलं नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने माझ्या फोनवर आवाज मोजायचं ॲप टाकून दिलं. "मावशी, हे काही प्रयोगशाळेतलं यंत्र नाही, पण अंदाज येईल," म्हणाला. खिडक्या-दारं उघडी, गाडी वेगात, डबा भरलेला, अशा वेळी आकडा ८० ते ८५ डेसिबलमध्ये खेळायचा. बाजूच्या रुळावरून दुसरी गाडी गेली की नव्वदीच्या पुढे. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची तेव्हा काय आकडा आला असता कोण जाणे. बोगदा आला की मी हमखास दोन पायऱ्या वाढवायचे हे मात्र मला चांगलं आठवतं. वाढवलेला आवाज बोगदा संपल्यावर कमी करायचं कधी लक्षात राहायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे: मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर सरासरी आवाज ८० डेसिबल. त्यावर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला अडीच. माझा प्रवास जाऊन-येऊन अडीच तासांचा, आठवड्याला साडेबारा तास. ८५ च्या गोंगाटात गाण्यातले शब्द कळायचे तर गाणं गोंगाटाच्या वर हवं, म्हणजे मी नव्वदीच्या घरात ऐकत होते. आठवड्याभराची शिदोरी मी सोमवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत संपवत असणार.

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की बाहेरचा आवाज अडवणारा इयरफोन कशासाठी घ्यायचा. जग बंद करायला मी तो घेत नाहीये. बाहेरचे ८५ कानाच्या पडद्यापाशी पोचेपर्यंत ६० झाले, तर गाणं ७० वर सुखाने ऐकता येतं. ७० डेसिबलला साडेबारा तास काहीच नाहीत. मधले पंचवीस डेसिबल कोण अडवणार, एवढाच प्रश्न उरतो.

फोनबरोबर आलेला माझा जुना इयरफोन काहीच अडवत नव्हता. कडक प्लास्टिकचा, कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा. तो बाद.

दुसरा ऑनलाइन मागवला: बिनतारी, नॉइज कॅन्सलिंगवाला. त्याच्याबद्दल खरं सांगायला हवं, कारण पुष्कळजणी तोच घेतात. त्यातला माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या बरोब्बर उलट लहर कानात सोडतो. सारखा एकसुरी चालणारा घुमता आवाज असेल, लोकलच्या मोटरचा, बसच्या इंजिनाचा, एसीचा, तर तो इतका छान पुसला जातो की पहिल्यांदा मी चमकून इकडेतिकडे बघितलं. खालचे आवाज अडवण्यात तो नुसत्या रबरापेक्षा सरस आहे. पण लेडीज डब्यातले आवाज एकसुरी नसतात. टिकल्या-क्लिपा विकणाऱ्या बाईची हाक, चौथ्या सीटवरून चाललेली बाचाबाची, मुलाचं रडणं, गाडीचा भोंगा. या वरच्या आणि अचानक येणाऱ्या आवाजांना तिथे शेवटी कानात घट्ट बसलेलं रबरच अडवतं, आणि नेमकं माझ्या डाव्या कानात ते कधी घट्ट बसलंच नाही. चौथ्या महिन्यात घाटकोपरला गर्दीच्या रेट्यात कुणाच्या तरी बॅगेचा पट्टा लागला आणि डावा बड फलाट आणि गाडीच्या फटीत गेला. सुटा बड मिळतो का म्हणून विचारलं तर जवळजवळ निम्मी किंमत सांगितली. मी तारेकडे वळले ती तेव्हा.

तिसरा लॅमिंग्टन रोडवरून घेतला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण ग्रँट रोडला उतरून तसं विचारलं तर लोक आधी थांबून विचार करतात. दीड हजाराच्या आतला चिनी इयरफोन, तारेचा. भाच्याने दहा वेळा सांगितलं होतं की हल्ली या किमतीत फार चांगला आवाज मिळतो. घरी आणला, विलंबित बागेश्री लावला आणि डग्गा गायब. तबल्याची टिकटिक ऐकू येतेय, गायक दूर कुठेतरी पत्र्याच्या डब्यात गातोय, डग्ग्याचा घुमारा नावाला नाही. दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये परत दुकानात. त्यांनी घ्यायला नकार दिला, कानात घातलेली वस्तू परत घेत नाही म्हणाले. ते बरोबरच होतं. मीही कुणाच्या कानातून आलेला इयरफोन घेतला नसता.

रविवारी भाचा आला. त्याने इयरफोन माझ्या कानात घातला आणि वरून बोटाने हलकेच आत दाबून धरला. डग्गा आला! बोट काढलं, गेला. पुन्हा दाबलं, आला.

माझ्या दीड वर्षाच्या खटपटीत सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती म्हणाल तर ती हे बोट. इयरफोन आणि कानाची भिंत यांच्यामध्ये सुईएवढी फट राहिली तरी खालचे सूर त्यातून निघून जातात, आणि त्याच फटीतून बाहेरचा गोंगाट आत येतो. म्हणजे डग्गा जाणं आणि लोकल आत येणं या दोन तक्रारी एकाच फटीच्या आहेत. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. फट असली की हा खर्ज सगळ्यात आधी जातो. नवा इयरफोन कानात नीट बसलाय की नाही हे बघायला मी आजही कुठलं ॲप वापरत नाही. तबला लावते आणि डग्गा शोधते.

कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. ती सरळ नसते, वळण घेऊन जाते, तिचं तोंड गोल नसून लांबट असतं आणि डावी-उजवी सारखी असेलच असं नाही. इयरफोनच्या टोकाला कानात जाणारं जे रबर असतं ती टिप. माझ्या उजव्या कानाला मधल्या मापाची टिप लागते, डाव्याला लहान. डाव्यात मी सहा महिने मधलीच कोंबत होते, कारण खोक्यात जोडी सारख्या मापाची होती आणि दोन कानांना दोन मापं लावायची कल्पनाच मला सुचली नाही. बिनतारी बड डाव्या बाजूचाच का पडला त्याचं उत्तरही इथेच आहे.

मग टिप कशाची हवी? सिलिकॉनची धुता येते, पटकन घालता येते, आणि आवाजाची धार तशीच ठेवते. फोमची दाबून बारीक करून घालायची, ती आत फुगते आणि कानाच्या आकाराची होते. गोंगाट ती जास्त अडवते, विशेषतः खालचा. तिच्यामुळे वरचे सूर किंचित मऊ होतात आणि घामाने ती लवकर म्हातारी होते. मुंबईच्या मे महिन्यात माझी एक जोडी सहा आठवडे टिकली. तिसरा प्रकार, एकावर एक तीन छत्र्यांसारखी चकती असलेली लांब टिप. तिच्याकडे वळतेच.

फोम घालायची एक रीत आहे, ती कुणी सांगत नाही. टिप बोटांमध्ये फिरवून वातीसारखी बारीक करायची. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, त्याने नळीचं वळण सरळ होतं. मग टिप आत सरकवायची आणि अर्धा मिनिट धरून ठेवायची. धरायचं विसरलं तर फुगता फुगता ती बाहेर येते. काढताना हळू पिळून काढायची. एकदम ओढली तर पडद्यावर ताण येतो आणि दुखतं. मी हे सगळं घरी, चपला घालायच्या आधी करते. फलाटावर गर्दीत जमत नाही.

त्या दीड हजाराच्या चिनी इयरफोनला मी वेगळ्या फोमच्या टिपा आणून लावल्या आणि तो एकदम माणसात आला. तुमचं बजेट तेवढंच असेल तर इथे थांबा, हे मी अगदी मनापासून सांगते. इयरफोन स्वस्त घ्या आणि टिपांवर तीन-चारशे रुपये जास्त घाला. उलट करू नका. फक्त घेताना कवचावर हवेसाठी छिद्र केवढं आहे ते बघा, त्यातूनही बाहेरचा आवाज शिरतो.

मी पुढे गेले ती तंबोऱ्यासाठी. त्या इयरफोनमध्ये गायकाचा आवाज ठसठशीत होता, डग्गा आला होता, पण तंबोरा मागे नुसता घूं करत राहायचा.

एके काळी हे ऐकून बघणं सोपं होतं. काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाऊस आमच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. बूथमध्ये उभं राहून ऐकायचं, आवडली तर कॅसेट घ्यायची. पगाराच्या दिवशी मी जेवणाची सुट्टी तिथे घालवायचे. २०१६ मध्ये ते बंद झालं. आता इयरफोन कानात घालून निवांत ऐकू देणारी दुकानं मुंबईत मोजकीच उरलीत. उपनगरातल्या एका दुकानात मात्र त्यांनी स्पिरिटने पुसून, नव्या टिपा लावून, मला पाऊण तास बसू दिलं. मी घरून स्वतःची यादी नेली होती: एक पुरुष गायक, एक गायिका, एक सोलो तबला, आणि एक बातमीपत्र. बातमीपत्र यासाठी की निवेदिकेचा स आणि श टोचतो की नाही ते लगेच कळतं. टोचला तर तासाभराने डोकं दुखणार.

तिथे दोघांमध्ये निवड करायची होती.

एक एटिमॉटिक. या कंपनीची गोष्ट मला फार भावली. मीड किलियन नावाच्या श्रवणशास्त्रातल्या संशोधकाने १९८३ मध्ये अमेरिकेत ती काढली आणि १९९१ मध्ये ईआर-४ नावाचा इयरफोन आणला. कानात खोल जाणाऱ्या या प्रकारच्या इयरफोनचा तो एक पूर्वज. त्यात आवाज काढणारा जो सूक्ष्म भाग असतो, बॅलन्स्ड आर्मेचर, तो श्रवणयंत्रांच्या जगातून आलेला. बाबांच्या श्रवणयंत्रातला रिसीव्हर, म्हणजे कानात आवाज सोडणारा भाग, याच जातीचा आहे. हे कळल्यावर मी तो छोटा काळा तुकडा थोडा वेळ तळहातावर घेऊन बसले. गाणं ऐकायचं माझं साधन आणि बाबांना "सात" ऐकू यावं म्हणून केलेलं साधन एकाच घरातलं निघालं.

कंपनी ३५ ते ४२ डेसिबल अडवतो म्हणते. त्या तीन छत्र्यांच्या टिपा खोल गेल्या आणि दुकानासमोरचा रस्ता नाहीसा झाला. रिक्षा दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. आणि तंबोरा बोलला. जवारीतून वरचे सूर एकेक सुटे होऊन येत होते, चाळीतल्या त्या खोलीत बाबांनी मला बोट वर करून दाखवले होते तसे. आवाजाच्या बाबतीत मी आजवर ऐकलेला हा सगळ्यात खरा इयरफोन.

पण पंधरा मिनिटांनी माझा डावा कान ठणकायला लागला. नळीत इतकं खोल काही जाणं माझ्या कानाला सोसत नाही. सवय होते म्हणतात. काहींना होतही असेल. मी पुन्हा घातला, पुन्हा ठणकला. रोज सव्वा तास दोनदा हे करायचं होतं.

दुसरा शुअर एसई २१५. ही मायक्रोफोनवाली जुनी कंपनी, रंगमंचावर गाणाऱ्यांच्या कानात असतात त्या जातीचे इयरफोनही बनवते. कंपनीचा दावा ३७ डेसिबलपर्यंतचा. माझ्या कानात तेवढं अडत असेल असं मला वाटत नाही. दावे उत्तम बसलेल्या टिपेवरचे असतात. पण फोमच्या टिपा खोक्यातच येतात आणि तार सुटी करून बदलता येते. माझ्या आधीच्या सगळ्या तारा पिनेपाशी किंवा कानापाशीच मेल्या, म्हणून हे मला मोठं वाटलं. कवच कानाच्या पाळीत चपटं बसतं, बाहेर येत नाही, त्यामुळे गर्दीत कुणाच्या खांद्याला लागत नाही. आवाज भरदार, डग्गा जरा जास्तच प्रेमाने वाजतो, वरचे सूर मऊ. तंबोरा एटिमॉटिकइतका उलगडत नाही. बोलतो, पण जरा हळू.

मी शुअर घेतला. दहा हजाराच्या आतबाहेर गेले. घरी कुणाला लगेच सांगितलं नाही, दिवाळीचा बोनस आल्यावर सांगितलं. कानात दुखणारा उत्तम इयरफोन आठवड्याभरात कपाटात जातो, आणि मग आपण पुन्हा जुन्या इयरफोनवर, पुन्हा तेराव्या पायरीवर. हा माझा हिशोब होता आणि तो मला अजूनही बरोबर वाटतो. तुमचा कान खोल टिप सोसत असेल तर मात्र एटिमॉटिक घ्या, माझ्या वाटचं ऐका.

रोज वापरायला लागल्यावर ज्या गोष्टी कळल्या त्या आता सांगते. कान बंद झाला की स्वतःचा आवाज मोठा होतो. पुलाचे जिने उतरताना प्रत्येक पाऊल डोक्यात वाजतं. डब्यात चिवडा खाताखाता गाणं ऐकायचं स्वप्न सोडा. तारेला काही घासलं तर तो आवाज थेट कानात येतो, आणि माझ्या बाबतीत घासायचं ते मंगळसूत्र. पहिले दोन दिवस आलापात मधूनच खरखर यायची आणि मला कळेना. तार कानावरून मागे नेऊन, मागची गाठ सरकवून पाठीवर टाकली की ते थांबतं. चष्म्याची काडी आधी की तार आधी, याचा एक क्रम बसवावा लागतो: आधी तार, मग काडी. लोंबते कानातले घालायचे मी ऑफिसच्या दिवशी सोडले; कुड्या चालतात.

माझ्या नव्या फोनला गोल पिनेचं भोकच नाही, त्यामुळे टाइप-सीचा छोटा जोड पर्समध्ये ठेवावा लागतो. दोन हरवले. आता तो तारेलाच लावून ठेवते.

पावसाळ्यात फार जपा. ओल्या कानात काही घालायचं नाही. दमट हवेत बंद कानात बुरशी धरते. जुलैत माझा कान खाजायला लागला तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवस इयरफोन बंद करायला लावला, आणि कानकोरणं तर कायमचं फेकून द्यायला सांगितलं. मळ आपोआप बाहेर येत असतो, आपण तो आत ढकलतो. घरी आले की टिपा काढून पुसते, आणि इयरफोन औषधाच्या बाटलीतून येते ती सिलिका जेलची पुडी घातलेल्या डबीत ठेवते.

आणि रस्त्यावर, फलाटावर, पुलावर इयरफोन कानात नसतो. यात मी कधीच तडजोड करत नाही. गाडीत बसायला किंवा नीट टेकून उभं राहायला जागा मिळाली की एका कानात घालते, बाजूच्या बाईला "कुठे उतरणार?" विचारून घेते, मग दुसऱ्या कानात. मस्जिद स्टेशन गेलं की दोन्ही बाहेर. जो इयरफोन २५ डेसिबल अडवतो तो मोटरमनचा भोंगाही अडवतो.

एसी लोकलमध्ये दारं बंद असल्यामुळे मुळातच शांत असतं. तिथे मी चारवरही ऐकते. पण तो पास मला दर महिन्याला परवडत नाही.

गेल्या रविवारी दुपारी बाबा गॅलरीत बसले होते. म्हणाले, "दे बघू, काय एवढं दहा हजाराचं." श्रवणयंत्र काढून ठेवलं. मी नवी फोमची टिप लावली, त्यांचा कान वर ओढून आत सरकवली आणि अर्धा मिनिट धरली. ते लहान मुलासारखे स्थिर बसले होते. काळी एकमधला एक पुरुष गायक लावला. पाचवर त्यांना काही नाही. सात. नऊ. दहावर त्यांचा उजवा हात मांडीवर आला आणि ठेका धरायला लागला. डग्ग्याची प्रत्येक घसीट त्यांच्या बोटांत उमटत होती.

थोड्या वेळाने डोळे न उघडता म्हणाले, "खर्ज चांगला लागलाय."

मी मान हलवली.

"तंबोरा बोलत नाही पण. जवारी उतरलीय का गं?"

तंबोरा उत्तम जुळलेला होता. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन, टिप असूनही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने म्हटलं, "हो बाबा, जुनं रेकॉर्डिंग आहे."

ते अर्धा तास ऐकत बसले. मग मी टिप हळू पिळून काढली, श्रवणयंत्र परत लावून दिलं आणि फोनवरचा आवाज दहावरून पाचवर आणून ठेवला.